पाचव्या गझलेचा मतला

मागच्या वर्षी दिवाळी अंकांकडे सात गझला पाठवल्या. दोन 'साभार परत' आल्या, बाकीच्यांचं उत्तरच नाही. त्यानंतर दोन महिने मी वही उघडली नाही, आणि वाईट त्याचंच जास्त वाटलं. म्हणून जूनपासून कुठेही पाठवायचं नाही असं ठरवून लिहितेय. चार पूर्ण झाल्या, पाचवी चालू आहे. सगळ्या भुजंगप्रयात वृत्तात. लहानपणी संध्याकाळी आजीबरोबर मनाचे श्लोक म्हणायचो. २०५ श्लोक, वृत्त एकच. त्याची लगागा लगागा ही चाल (एक लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, मग दोन गुरू म्हणजे दीर्घ) तेव्हापासून अंगात आहे.

पाचवीचा मतला, म्हणजे यमक जुळलेल्या पहिल्या दोन ओळी, मात्र तीन आठवडे अडला. पहिली ओळ दुकानात सुचली, औषधाच्या बिलामागे लिहून ठेवली:

तुझ्या अंगणी ऊन रेंगाळलेले

घरी येऊन खाली जोडलं:

जुन्या पायरीशी उगा थांबलेले

वृत्त चोख. ('तुझ्या'तला तु आणि 'जुन्या'तला जु लघुच, जोडाक्षराचा आघात मागे येत नाही.) पण काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, कच्चा. दोन्ही ओळींत तसंच येणारं 'लेले' काढलं की रेंगाळ आणि थांब उरतात, आणि त्यांचं यमक कुठे जुळतंय? हे ध्यानात यायला मला आठ दिवस लागले. शिवाय रेंगाळणं काय आणि थांबणं काय, दुसरी ओळ पहिलीचंच परत सांगत होती.

मग 'आळ'चे शब्द काढले. सांभाळ, गंधाळ, ओशाळ, कुरवाळ. 'कुरवाळ' फार हवासा वाटला, पण सुरुवातीला दोन लघु लागोपाठ येतात. एका गुरूच्या जागी दोन लघु घेण्याची सूट मला घ्यायची नव्हती. सोडला.

एका रात्री भांडी घासताना ओळ आली:

कुणी पायरीशीच सांभाळलेले

साबणाच्या हातांनीच वहीकडे धावले. पानावर ओला डाग आहे, तो तसाच राहू दे. आता ऊन नुसतं पडलेलं नव्हतं, कुणीतरी ते जपून ठेवलं होतं. हे माझ्या मनात आधी नव्हतंच, काफिया शोधताना सापडलं. ओट्याशी उभी राहून मी तो मतला दहा-बारा वेळा मोठ्याने म्हटला. माझी एकच कविता आजवर छापून आलीय, त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

सध्या तीन शेर पक्के आहेत. चौथ्याचा सानी मिसरा, म्हणजे दुसरी ओळ, मिळालाय: मला भेटले शब्द ओशाळलेले. उला, म्हणजे पहिली ओळ, अजून नाही.