ठाणे ते रत्नागिरी: सर्किट तपासण्याचे सॉफ्टवेअर प्रवासात निवडताना

"पान एकदा उघडले की पुढे इंटरनेट लागत नाही" असे एका परिचिताने छातीठोकपणे सांगितले होते आणि त्यावर विसंबून मी ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडली. पाण्याच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारे अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरचे सर्किट रत्नागिरी येईपर्यंत ब्राउझरमधील सिम्युलेटरवर, म्हणजे सुटे भाग न जोडता सर्किट पडद्यावर चालवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तपासून पुरे करायचे, असा बेत होता. पनवेलपर्यंत सारे सुरळीत चालले. रोह्यानंतर बोगदे सुरू झाले, प्रोग्रॅममधील एक ओळ बदलून मी पुन्हा चाचणी सुरू केली आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहिले. त्या परिचिताचे म्हणणे अर्धेच खरे होते. अशा सिम्युलेटरमध्ये चाचणी आपल्या ब्राउझरमध्ये चालते, परंतु लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवण्याचे काम, म्हणजे कंपायलिंग, दूरच्या सर्व्हरवर होते. त्यामुळे जुना प्रोग्रॅम चालत राहतो, पण त्यात स्वल्पविरामाचा बदल केला तरी काम अडते. संगमेश्वर सोडल्यावर लागणाऱ्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात मी लॅपटॉप मिटून ठेवला.

त्याआधी ठाण्यातील एका दुकानात १,५०० रुपये देऊन 'पूर्ण आवृत्ती' म्हणून जे सॉफ्टवेअर बसवून घेतले होते, ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी नमुना आवृत्ती निघाले. त्यात सोबत आलेली उदाहरणे चालत होती, पण स्वतःचे सर्किट साठवता येत नव्हते. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला आपल्यासमोर एक फाइल साठवून, बंद करून, पुन्हा उघडून दाखवायला सांगावे. हा आग्रह धरताना संकोच करू नये.

रत्नागिरीतील दोन दिवस उत्तम गेले. तेथील वाय-फायवर मी सिम्युलआयडीई हे लॅपटॉपवरच चालणारे सिम्युलेटर-सॉफ्टवेअर उतरवून घेतले. हे विनामूल्य आणि मुक्त-स्रोत आहे, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते आणि जुन्या लॅपटॉपलाही जड जात नाही. अर्डुइनो आयडीई या बोर्डासाठीच्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहावा, 'एक्सपोर्ट कंपाइल्ड बायनरी' निवडून हेक्स फाइल, म्हणजे यंत्रभाषेत उतरलेला प्रोग्रॅम, तयार करावी आणि सिम्युलआयडीईमधील उनोवर राइट क्लिक करून ती 'लोड फर्मवेअर'ने चढवावी. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. मात्र लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, आधीच उतरवलेल्या असाव्यात. ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपची फाइलसामग्री तर इतकी मोठी आहे की ती गाडीत मोबाइलच्या नेटवर उतरवण्याचा विचारही करू नये. निघण्याच्या आदल्या रात्री लॅपटॉप विमान मोडवर टाकून प्रोग्रॅममधील एक ओळ बदलावी आणि चाचणी चालवून पाहावी. ती चालली नाही, तर ते सॉफ्टवेअर कोकण रेल्वेच्या प्रवासात कामाचे नाही.

घरी नेट असेल तेव्हा मी वोक्वी हा ब्राउझरमधील सिम्युलेटरच वापरते, कारण त्यात ईएसपी३२ चालतो आणि बटण दाबताना संपर्कात होणारी थरथरही दिसते. अगदी नवशिक्याने टिंकरकॅड या ब्राउझरमधीलच दुसऱ्या सिम्युलेटरपासून सुरुवात करावी. दोन्हींना नेट लागते.

परतीच्या वाटेवर त्याच करबुडे बोगद्यात, खिडकीबाहेर मिट्ट काळोख असताना, टाकी भरल्यावरही पंप बंद न होण्याची चूक मला सापडली. तो आनंद ऐरोलीला घरी पोहोचेपर्यंत टिकला. घरी खऱ्या बोर्डावर रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढलाच गेला नाही. घाईत मी त्याची कॉइल थेट पिनला जोडलेली दाखवली होती आणि सिम्युलेटरने ती निमूटपणे चालवली होती. ५ व्होल्टच्या साध्या रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात, तर उनोवरील एटमेगा३२८पी या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि नेहमीच्या वापरात २०च्या पुढे जाऊ नये. पिन वाचली हे नशीब. सिम्युलआयडीईचे निर्माते स्वतःच सांगतात की ते विद्युत विश्लेषणाच्या अचूकतेसाठी नाही. तेव्हा गाडीत प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र तपासावे, विद्युतप्रवाहाचा हिशेब डेटाशीट, म्हणजे निर्मात्याचे माहितीपत्रक, उघडून कागदावर करावा आणि रिलेसाठी ट्रान्झिस्टर व कॉइलवर उलटा डायोड पहिल्या रेखाटनातच काढावा. डेटाशीटची पीडीएफ ठाण्यातच उतरवून घ्यावी.