केळदच्या वाटेवरचा तो उतार : चिखलात गाडी घालण्याआधी वाचा

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या अलीकडे चिखलात गाड्या चालवायचा एक ट्रॅक ‘नवशिक्यांसाठी सोपा, कुठलीही फोर बाय फोर चालेल’ असं सांगून विकला जातो. तो नवशिक्यांसाठी नाही. उन्हाळ्यात असेलही, पण जुलैत, लावणीच्या दिवसांत, पाऊस सलग झोडपत असताना अजिबात नाही. फोनवर आयोजकांनी मला सांगितलं की थोडा चिखल आहे, मजा येईल. प्रत्यक्षात तिथे लाल मातीचा दोन-अडीचशे फुटांचा तीव्र उतार आहे. वर शेवाळलेला कातळ, मधे डावीकडे वळण आणि वळणाच्या खाली ओढा. बाकीचा ट्रॅक कुणीही करेल. शनिवारी आम्ही माळावर आणि ओढ्याच्या काठाने जे काही चालवलं ते छान होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. हा मजकूर त्या उतारासाठी आहे.

पुण्याहून वेल्हे साधारण ६० किलोमीटर. कात्रज बोगदा, खेड शिवापूर, मग चेलाडी फाट्यावरून उजवीकडे नसरापूरमार्गे. डिझेल-पेट्रोल हायवेवरच भरून घ्या. वेल्ह्याच्या पुढे पंपाच्या किंवा मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेश बघा. पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरासाठी ते निघतात आणि वाटेत पोलीस गाड्या परतही पाठवतात.

आता उतार. फोर बाय फोर घेतली की माणसाला वाटतं गाडी कुठेही थांबेल. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती गाडी पुढे ओढायला. ब्रेक मारुतीच्या अल्टोलाही चार चाकांना असतात. चिखलाच्या उतारावर गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर, आणि गाडी जड असेल तर सुटल्यावर तिला आवरणं कठीण. माझा मावसभाऊ थार घेऊन माझ्या पुढे होता. टायर कंपनीतून आलेले, म्हणजे डांबरासाठी बनलेले. कातळावरून पुढची चाकं खाली आली, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी त्याच वेगाने खाली जात राहिली. चाकं थांबलेली, गाडी चालू. मागची बाजू उजवीकडे फिरायला लागली. मी वरून ओरडत होतो, पण बंद काचेतून त्याला काय ऐकू येणार! वळणावरच्या मातीच्या बांधाला मागचं चाक टेकलं म्हणून गाडी आडवी होऊन थांबली. खालच्या बाजूची चाकं चाकोरीत आणि वरच्या बाजूचं मागचं चाक जवळपास अधांतरी. अशा वेळी गाडी उलटायला फार काही लागत नाही.

आयोजकांचा मार्शल, म्हणजे गाड्यांना वाट दाखवणारा माणूस, खाली ओढ्यापाशी छत्री घेऊन उभा होता. वर कुणीच नव्हतं. नवशिक्यांच्या गाड्या उतरवताना एक माणूस उताराच्या तोंडाशी आणि एक पायथ्याशी हवाच. हे एवढं नसेल तिथे पैसे भरू नका.

उतरण्याची पद्धत नीट सांगतो, कारण तिथे ती कुणीही सांगितली नाही. आधी गाडीतून उतरा आणि पूर्ण उतार पायी चालून या. तुमचा बूट जिथे घसरतो तिथे चाकही घसरणार. कुठल्या चाकोरीत चाक घालायचं, कुठला दगड टाळायचा आणि घसरलोच तर गाडी कुठे जाऊन थांबेल, हे तिथेच ठरवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘ओढ्यात’ किंवा ‘दरीत’ असेल तर गाडी घालू नका, मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

वर सपाटीवर गाडी पूर्ण थांबवा, फोर लो टाका (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त), पहिला गिअर. उतारावर असताना फोर लो टाकायच्या भानगडीत पडू नका. फोर लोमध्ये इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो आणि गाडी माणसाच्या चालीने उतरते. क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि जमिनीवर ठेवा. अर्धवट क्लच दाबलात की तो रोध गेला, गाडी सुटली. ब्रेक लागलाच तर अगदी हलका, चाक फिरतं राहील इतकाच. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असल्या मातीत गाडी थांबवत नाही, उलट थांबायचं अंतर वाढवतं. माझ्या जिमनी गाडीत हिल डिसेंटचं, म्हणजे उतारावर गाडी आपोआप हळू उतरवणारं बटण आहे, थारच्या बऱ्याच मॉडेलांतही असतं. सुरुवातीला ते वापरायला हरकत नाही, पण शेवाळावर तेही टायरच्या पकडीवरच चालतं.

गाडीचं नाक सतत उताराच्या दिशेने सरळ ठेवा. आणि घसरायला लागलीच, मागची बाजू फिरायला लागली, तर ब्रेक सोडायचा आणि ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा. हे मनाविरुद्ध जातं, पाय ब्रेककडेच धावतो. पण चाक फिरायला लागलं तरच पकड येते आणि स्टिअरिंग ऐकतं. हे आधी माळावरच्या छोट्या उतारावर पुन्हा पुन्हा करा, पायाला सवय लागू द्या. माझ्या पायाला ती होती, म्हणून मी तो उतार ब्रेक न दाबता उतरलो, आणि खाली आल्यावर जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. त्यासाठी मी पुन्हा जाईन, पण या आयोजकांकडे नाही.

चढाचं थोडक्यात. चिखलात मधेच गिअर बदलू नका, फोर लोचा दुसरा गिअर आणि एकसारखा वेग. वेग म्हणजे आंधळी धडक नव्हे. चाकं जागेवर फिरायला लागली तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं झपझप हलवा, टायरची कड माती पकडते. तरी गाडी पुढे सरकत नसेल तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा, नाहीतर पोटावर बसते. चढ अर्धवट राहिला तर न्यूट्रल करून मागे येऊ नका, वळवायचा प्रयत्न तर मुळीच नको, आडवी गाडी उलटते. ब्रेक घट्ट धरून रिव्हर्स टाका, मग क्लच सोडता सोडता ब्रेकही हळूहळू सोडा आणि इंजिनाच्या रोधावर त्याच चाकोरीतून सरळ मागे या. फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीचा वेग) असाल तर ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, बंद करा, ते चिखलात ऐन वेळी इंजिनाचा दम काढून घेतं.

टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड लगेच कळते. १५ च्या खाली नको, टायर रिममधून निघतो. हवा भरायचा छोटा कंप्रेसर स्वतःचा हवा. कमी हवेवर डांबरावर वेगात जाऊ नका.

आता पैशांचं. प्रत्येक गाडीचे ३५०० रुपये घेतले, ‘रिकव्हरीसकट’ असं फोनवर स्पष्ट सांगून. थार अडकल्यावर मात्र ट्रॅक्टर वेगळा, ४००० रुपये. गाडी त्या अवस्थेत लटकलेली असताना घासाघीस कोण करणार? भावाने दिले. संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्या काकांसोबत चहा घेताना कळलं की त्यांच्या हातात ८०० पडतात. काका म्हणाले, “दादा, पुढच्या टायमाला थेट मला फोन करा, दीड हजारात काढतो.” माणूस चांगला आणि गाडी ओढण्यातही हुशार. तेव्हा ट्रॅक्टर, रिकव्हरी, नुकसानभरपाई यांचे दर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. लेखी देत नसतील तर जाऊ नका. रोडसाइड असिस्टन्सला फोन केला होता, डांबरी रस्ता सोडून आत येणार नाही असं त्यांनी सांगितलं. इंजिनात पाणी गेल्याचा खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

ओढताना मार्शलने लोखंडी वायररोप थारच्या टो बॉलला अडकवायला घेतला. मी तो काढायला लावला. टो बॉल ट्रेलरसाठी असतो. जोराच्या ओढीने तुटला तर गोळीसारखा येतो. गाडीच्या चासीला जोडलेला टो हूकच वापरायचा, रेटिंग असलेलं शॅकल (पट्टा अडकवायचं लोखंडी कडं) आणि कापडी पट्टा स्वतःचा न्यायचा. पट्ट्यावर मधोमध ओलं गोणपाट टाका, तुटला तर उसळी कमी होते. आणि पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं राहू नये. तिथे मोबाइल धरून व्हिडिओ काढणारी पोरं अगदी पट्ट्याला चिकटून उभी होती. त्यांना हाकलण्यात माझा घसा बसला. ओढण्याआधी चाकांच्या पुढची आणि पोटाखालची माती फावड्याने काढा. त्या दहा मिनिटांनी अर्धं काम होतं. आम्ही तसं केलं आणि गाडी पहिल्याच ओढीत निघाली.

खाचरांतून गाडी नेऊ नका, बांधावरूनही नाही. त्या दिवशी एका गाडीने बांध फोडला, खाचरातलं पाणी वाहून गेलं, आणि ज्यांची नुकती लावणी झाली होती त्या मावशी काही न बोलता दगड रचत बसल्या होत्या. मला त्या उताराइतकाच राग या गोष्टीचा आला. ताम्हिणीकडे जाणाऱ्यांसाठीही सांगतो, तिथे २०१३ पासून अभयारण्य आहे, रस्ता सोडून जंगलात गाडी घालायचा प्रश्नच येत नाही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. वरची माती सुकलेली असते, ओलसर पट्टे उरलेले असतात, शिकायला तेवढे पुरतात. जुलैतच जायचं असेल तर ऑल-टेरेन (डांबराबाहेरही चालणारे) टायर, सोबत दुसरी गाडी, आणि तो उतार पाऊस थांबून दिवसभर ऊन पडल्याशिवाय करायचा नाही. मार्शल काहीही म्हणो.

परत येताना शिवापूरच्या आसपास ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरून अलाइनमेंट करायला जाऊ नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली लाल माती चिकटलेली असते, तिने चाकाचा तोल जातो. वॉशिंगवाल्याला चाकं आतून, ब्रेकच्या डिस्कजवळ आणि रेडिएटरच्या जाळीत पाणी मारायला सांगा, आणि तो फक्त बाहेरून चकाचक करत असेल तर तिथेच उभं राहून करून घ्या.