पोलिसांकडे गेलेलं परवान्याचं हत्यार परत कसं मिळवायचं

परवाना चालू आहे, खरेदीची पावती आहे, परवान्यावर हत्याराचा नंबर चढलेला आहे. तरीही ठाण्यात जाऊन नुसतं मागितलं की हत्यार मिळत नाही. बरेच परवानाधारक मुद्देमाल कारकुनाच्या टेबलासमोर महिनोन्‌महिने खेटे घालतात आणि त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नसतं. ठाण्यात हत्यार फक्त ठेवलेलं असतं. परत द्यायचं की नाही हे बहुतेक वेळा दुसरीकडे ठरतं, आणि ते कुठे, हे हत्यार कोणत्या कागदावर गेलं यावर अवलंबून असतं. तेव्हा आधी हातातला कागद नीट वाचा: जमा पावती आहे, जप्ती पंचनामा आहे, की परवाना निलंबनाचा आदेश?

निवडणुकीसाठी जमा केलेलं हत्यार हा सगळ्यांत सोपा प्रकार. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती परवानाधारकांची यादी बघते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले अशांवर लक्ष द्यावं, असा निवडणूक आयोगाच्या सूचनांचा रोख आहे; प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सरसकट नोटिसा निघतात. निकाल लागून आठवडा झाला की हत्यार परत द्यायचं असतं. ठाण्यातून फोन येईल म्हणून बसू नका. मूळ पावती आणि मूळ परवाना घेऊन स्वतः जा. इथे घोळ होतो तो एकाच कारणाने: हत्यार जमा असताना परवान्याची मुदत संपते. मुदत संपलेल्या परवान्यावर ठाणेदार हत्यार देत नाही, आणि ते बरोबरच आहे. हत्यार जमा आहे म्हणून नूतनीकरण थांबवायचं नसतं. अर्जाला जमा पावतीची प्रत जोडून ते वेळेत करून घ्यायचं.

गुन्ह्यात जप्त झालेल्या हत्याराचं मात्र तसं नाही. १ जुलै २०२४ पासून जप्ती होते ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०२), आणि तिची खबर दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. तिथून पुढे ते हत्यार मुद्देमाल. ठाणेदाराची कितीही इच्छा असली तरी न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते सोडता येत नाही. मुद्देमाल अजून कोर्टापुढे हजर केलेला नसेल तर अर्ज कलम ५०३ खाली (जुनं ४५७), कोर्टापुढे आला असेल आणि चौकशी किंवा खटला चालू असेल तर ४९७ खाली (जुनं ४५१), आणि निकालानंतरची विल्हेवाट ४९८ खाली (जुनं ४५२). जुन्या गुन्ह्यांच्या कागदांवर जुनेच आकडे असतात. वकिलाला दोन्ही माहीत असतात, पण अर्जदारालाही माहीत असलेले बरे.

अर्जात गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, लावलेली कलमं, जप्तीची तारीख, हत्याराचा प्रकार, बोअर (नळीचा व्यास), बनवणारी कंपनी, नंबर, जिवंत काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या किती, परवाना क्रमांक, यूआयएन (परवान्यावरचा विशिष्ट ओळख क्रमांक) आणि परवान्याची मुदत एवढं आलंच पाहिजे. सोबत पंचनामा, परवाना आणि खरेदी पावतीच्या प्रती. पंचनाम्यातला नंबर आणि परवान्यावरचा नंबर अक्षरशः ताडून बघा. घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात एखादा आकडा गळतो, किंवा हत्याराच्या बॉडीवरच्या नंबराऐवजी दुसऱ्याच एखाद्या भागावरचा शिक्का उतरवला जातो. मग 'हे हत्यार अर्जदाराचंच कशावरून' असा आक्षेप येतो आणि तारखा पडत जातात. फरक आढळला तर अर्जातच तो दाखवा आणि प्रत्यक्ष पडताळणीची मागणी करा. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. नंबराचा वाद असेल तिथे ते मागता येतं.

अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. त्यात ठरलेलं वाक्य असतं: तपास चालू आहे, हत्यार प्रयोगशाळेत आहे, सबब हरकत आहे. हत्यारातून गोळी सुटल्याचा आरोप असेल तर सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल) येईपर्यंत अर्ज सहसा टिकत नाही. अशा वेळी आधी रिपोर्टचा पाठपुरावा करावा आणि तो आल्यावर लगेच अर्ज टाकावा. भांडण बांधावर झालं आणि बंदूक घरातल्या कपाटातून उचलली असेल, तर गोष्ट वेगळी. हत्याराचा वापर झाल्याचं फिर्यादीतही नाही, हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या.

सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल इथे कायम वापरला जातो. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नये. फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन तो सोडावा, असा त्याचा गाभा. आता कलम ४९७ मध्येच चौदा दिवसांत वस्तूंचं विवरण आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश अशी मुदत घातली आहे. तरीही खोट्या आशेवर राहू नका. तो निकाल मुख्यतः वाहनं, दागिने, रोकड अशा वस्तूंभोवती फिरतो. ज्या हत्याराने गुन्हा घडल्याचा आरोप आहे ते साक्षीदाराला ओळखायचं असतं, आणि दोष सिद्ध झाला तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३२ खाली ते सरकारजमा होऊ शकतं. असं हत्यार निकालाआधी सुटणं अवघडच. आदेश झालाच तर सुपूर्तनाम्यावर होतो: बंधपत्र द्यायचं, हत्यार विकायचं नाही, त्यात बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायचं.

निकालाच्या दिवशी होणारी चूक मात्र पूर्ण टाळता येण्यासारखी आहे. निर्दोष सुटल्याच्या आनंदात आदेशाचं शेवटचं कलम कोणी वाचत नाही. मुद्देमाल नष्ट करावा किंवा विल्हेवाटीसाठी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवावा, अशी ठरीव ओळ तिथे येऊ शकते. अंतिम युक्तिवादातच लेखी म्हणणं द्यावं की हत्यार परवान्याचं आहे आणि ते परवानाधारकाला परत मिळावं. आदेश अनुकूल असला तरी साधारणपणे दोन महिने तो अमलात येत नाही, आणि कोणी अपील केलं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत.

एवढं सगळं होऊनही हत्यार न मिळण्याचं एक कारण उरतं: परवाना. कोर्टाचा आदेश मुद्देमाल मोकळा करतो, परवाना जिवंत करत नाही. गुन्हा दाखल झाला की ठाण्यातून परवाना शाखेला अहवाल जातो आणि तिकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली निलंबनाची किंवा रद्द करण्याची वेगळी फाईल चालू होते. त्या नोटिशीला उत्तर न देणं सगळ्यांत महागात पडतं, कारण मग आदेश एकतर्फी होतो. आदेश लेखी असावा लागतो, त्याची कारणं नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताच्या कारणाने तो नाकारता येतो, एवढाच अपवाद. ठाण्यातल्या कोणी 'तुमचा परवाना बंद झालाय' असं तोंडी सांगितलं तर त्याला काडीची किंमत नाही. आदेशाची प्रत मागा. कलम १८ खाली अपील करता येतं, मुदत तीस दिवसांची. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. मात्र आदेश खुद्द शासनाचा किंवा शासनाच्या निर्देशावरून दिलेला असेल तर हे अपील नसतं, थेट उच्च न्यायालय. नुसता गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, सार्वजनिक शांततेला धोका कसा ते दाखवावं लागतं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे. उत्तरात हा मुद्दा असावाच. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केलेल्यांनी मात्र त्यावर फार भिस्त ठेवू नये: २०१९ च्या दुरुस्तीपासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निर्दोष सुटल्यावरही निलंबन आपोआप उठत नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे, वेगळा अर्ज करावा लागतो. मधल्या काळात कोर्टाने हत्यार मोकळं केलं पण परवाना अडकला, तर ते परवानाधारक डीलरकडे ठेव म्हणून द्यायची परवानगी मागा. कलम २१ मध्ये डीलरकडे ठेवायची सोय आहे, आणि मालखान्यापेक्षा तिथे हत्याराची निगा बरी राहते.

मुदत संपल्यामुळे किंवा परवानाधारक वारल्यामुळे जमा केलेलं हत्यारही याच कलमात येतं. ठरलेल्या मुदतीत मालकाने किंवा वारसाने नव्याने हक्क मिळवून ते परत घ्यायचं, नाहीतर परवाना असलेल्या माणसाला विकायचं. दोन्ही न केल्यास जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतो. त्याआधी कारणे दाखवा नोटीस येते आणि उत्तराला तीस दिवस मिळतात. ती नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडली, ही नेहमीची रड आहे. निलंबन चालू असेल तेवढ्या काळात मात्र हत्यार असं सरकारजमा करता येत नाही.

आता प्रत्यक्ष ताबा. आदेशाची प्रमाणित प्रत, मूळ परवाना, ओळखपत्र आणि पंचनाम्याची प्रत घेऊन परवानाधारकानेच जावं. मुलाला किंवा ड्रायव्हरला पाठवलं तर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा नवा गुन्हा ओढवायचा. सही करण्याआधी हत्यार उघडून बघा. बारा बोरच्या दुनळीचे तीन भाग असतात: नळ्या, दस्त्यासह ॲक्शन (गोळी उडवणारी यंत्रणा), आणि नळीखालचा पुढचा लाकडी तुकडा. हरवतो तो हा तुकडाच. पॉइंट ३१५ रायफलचा बोल्ट (काडतुसामागे सरकून नळी बंद करणारा भाग) वेगळा काढून ठेवलेला असेल तर तो त्याच रायफलचा आहे का, हे नंबरावरून बघा. दोन रायफली एका गठ्ठ्यात असल्या की बोल्ट अदलाबदल होतात. परका बोल्ट बसतो, फिरतोही, पण काडतुसामागची जागा कमीजास्त झाली की गोळी सुटताना पुंगळी फाटू शकते. पिस्तुलाची जादा मॅगझिन पंचनाम्यात लिहिलेली होती का तेही पाहा. चाचणीसाठी प्रयोगशाळेने वापरलेली काडतुसं कमी भरतील. तो हिशेब सीए रिपोर्टात सापडतो.

काही कमी असेल, गंज असेल, दस्ता तडकला असेल तर ते ताबा पावतीवरच लिहा आणि मग सही करा. कोऱ्या सहीनंतर केलेल्या तक्रारीला कोणी दाद देत नाही. पावतीवर लिहू देत नसतील तर ताबा न घेता त्याच दिवशी कोर्टात तसा अर्ज द्या.

पावसाळा मालखान्यात काढलेल्या हत्यारात लगेच काडतूस भरू नका. नळीत चिंधी, कापूस, गांधीलमाशीचं घरटं, काहीही असू शकतं, आणि अडथळा असलेली नळी गोळी सुटताच फुगते किंवा फाटते. उजेडाकडे धरून आरपार बघा, तेलाने साफ करा, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. ओल लागलेली काडतुसं, विशेषतः फुगलेली कागदी, वापरू नका. पुढे कधी स्वतःहून जमा करायची वेळ आली तर चामड्याच्या होल्स्टरात किंवा फोमच्या कव्हरात देऊ नका. दोन्ही ओल धरून ठेवतात. तेलाचा हात फिरवून, तेलकट सुती कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या.