पुढच्या तारखेला माणूस परत यायला हवा

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने कॅन्सर पेशंटसाठी काहीतरी द्यायचंय, कुठे देऊ, काय देऊ, फळं वाटू का असं विचारत होती, आणि बोलता बोलता आम्ही इतक्या लांब गेलो की शेवटी तीच म्हणाली अगं हे सगळं लिहून काढ ना, लोकांना माहीतच नसतं. म्हणून लिहितेय. मी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास एका छोट्या संस्थेबरोबर व्हॉलंटिअर म्हणून काम करते, बँकेतून रिटायर झाल्यापासून, आठवड्यातून एकदा कल्याणहून लोकल पकडून जाते. डॉक्टर नाही, नर्स नाही, त्यामुळे कुणाला कुठलं औषध लागू पडेल याबद्दल मी पेशंटशी एक अक्षर बोलत नाही, आणि बोलूही नये असं माझं ठाम मत आहे.

मग करतो काय आम्ही? मला विचाराल तर या सगळ्या कामाचा हेतू एकच आहे, पुढच्या तारखेला माणूस परत यायला हवा. बाकी सगळं त्यासाठी.

कारण कॅन्सरचा उपचार म्हणजे एक ऑपरेशन झालं आणि घरी गेलो असा नसतोच ना. किमो बऱ्याच जणांना दर 21 दिवसांनी असते, शेक म्हणजे रेडिएशन असेल तर सोमवार ते शुक्रवार रोज, असे पाच-सहा आठवडे, आणि लहान मुलांचा ब्लड कॅन्सर असेल तर दोन-अडीच वर्षं चालतं. आता परभणीकडचा एखादा शेतमजूर देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर जनरल डब्यात बसून दादरला उतरतो, बरोबर बायको, एखादा मुलगा किंवा भाऊ, त्याचा रोज बुडालेला, घरी म्हातारी आणि दोन जनावरं शेजाऱ्याच्या भरवशावर. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा मोठा खर्च निघतो, हे खरंय आणि फार मोठं काम आहे ते, पण योजना मुंबईत झोपायला जागा देत नाही, रात्रीचं जेवण देत नाही, आणि पुढच्या वेळी यायचं तिकीट काढून देत नाही. लोक उपचार सोडतात ते बऱ्याचदा इथे. किमोला घाबरून सोडणारे मी कमी पाहिलेत, "आता पुढल्या महिन्यात बघू, सोयाबीन निघालं की येऊ" असं म्हणून गेलेले जास्त पाहिलेत, आणि त्यातले काही जण जेव्हा परत येतात तेव्हा गाठ वाढलेली असते.

म्हणून मी मैत्रिणीला सांगितलं की फळं वाटण्याआधी राहायच्या जागेचा विचार कर. टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर ताडपत्री टाकून राहणारी कुटुंबं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला हॉस्पिटलचंच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम आहे. आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूड, 2006 साली मुंबईत सुरू झालेली संस्था, तिथे मूल आणि आई-बाबा उपचार संपेपर्यंत फुकट राहतात, कोरडा शिधा मिळतो आणि आई स्वतःच्या हाताने स्वतःच्या मुलाला आवडेल ते शिजवते. ही शिजवायची सोय वरवर साधी वाटते पण किमोनंतर तोंड आलेलं मूल हॉटेलचं खात नाही, आईच्या हातची पातळ खिचडी दोन घास खातं. या सगळ्या जागा मिळूनही कमीच पडतात, वेटिंग असतं, आणि कुठे आज खोली रिकामी होणारे, कुठे फक्त लांबच्या पेशंटना घेतात, कुठे हॉस्पिटलची चिठ्ठी लागते हे नव्या माणसाला कसं कळणार? ते फोन करून विचारत बसणं हे आमचं निम्मं काम.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे किती आहेत हे तिथे गेल्यावर कळतं, तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री, सगळं त्या रांगेत बसलेलं दिसतं. ऑपरेशन झालं की बऱ्याच जणांना काही काळ नाकातून नळी असते आणि सगळं खाणं त्या नळीतूनच. आता रस्त्यावर जेवण वाटणाऱ्या संस्था भरपूर आहेत आणि देव त्यांचं भलं करो, पण मिळते ती पोळी-भाजी, नाहीतर पुलाव. नळीवाल्या माणसाने त्याचं काय करायचं? तर एकदा अशाच एक बाई डब्याकडे बघत नुसत्या बसल्या होत्या, नवऱ्याच्या नाकात नळी, आणि डिस्चार्ज देताना सिस्टरने शिकवलेलं सगळं टेन्शनमध्ये डोक्यातून गेलेलं. आमच्यातले एक काका आहेत, त्यांचं स्वतःचं जबड्याचं ऑपरेशन झालेलं, बोलणं थोडं अस्पष्ट आहे पण ते खाली त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मावशी, भात आणि वरण मिक्सरला लावायचं, भरपूर पाणी, मग बारीक गाळणीने गाळायचं, एक कण राहिला तरी नळी तुंबते. कोमट पाहिजे, गरम नाही. दादांना आडवं ठेवून द्यायचं नाही, ताठ बसवायचं, नंतरही थोडा वेळ तसंच. सिरिंजने हळूहळू, जोर लावायचा नाही, आणि आधी आणि नंतर थोडं साधं पाणी सोडायचं म्हणजे नळी स्वच्छ राहते. काकांनी रिकामी सिरिंज हातात देऊन त्यांच्याकडून दोनदा सगळं करून घेतलं. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "पर मिक्सर कुठं हाय भाऊ मपल्याकडं?"

हेच ते. मिक्सर. त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका मुक्कामाच्या जागी आम्ही दोन मिक्सर आणि गाळण्या घेऊन दिल्या, आणि माझ्या मते त्या वर्षात आमच्या संस्थेने केलेला सगळ्यात चांगला खर्च तो होता. त्याच बाईंनी काकांना हळूच विचारलं, "तुमची बी नळी व्हती का?" होती की, काका म्हणाले, आणि आता मी वडापाव खातो. त्या बाईंचा चेहरा त्या क्षणी जो बदलला तो कुठल्याही समुपदेशनाने बदलला नसता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बरे झालेले पेशंट व्हॉलंटिअर म्हणून उभे राहतात तेव्हा हे होतं, व्ही केअर सारखी संस्था तर एका बऱ्या झालेल्या पेशंटनेच 1994 मध्ये मुंबईत सुरू केली. डॉक्टरला पाच मिनिटात तीस गोष्टी सांगायच्या असतात, त्यांच्या दारात रांग लागलेली असते, त्यांना दोष नाही. पण केस गेल्यावर डोक्याला रुमाल कुठल्या कापडाचा बांधावा, स्तन काढल्यानंतर ब्लाऊजच्या आत काय घालायचं, हे प्रश्न बाया डॉक्टरला विचारतच नाहीत, पुरुष डॉक्टर असेल तर नाहीच नाही. त्यासाठी आता सुती धाग्याने विणलेले हलके कृत्रिम स्तन मिळतात, घरोघरच्या बायका क्रोशाने विणून पाठवतात आणि ते फुकट दिले जातात. ते हातात घेतल्यावर एक ताई रडायलाच लागल्या, म्हणाल्या मी चार महिने लग्नाकार्याला गेले नाही हो. आता कुणी म्हणेल यात उपचार कुठे आला, पण जी बाई घराबाहेर पडायची बंद होते ती फॉलोअपला यायचीही बंद होते, हे आम्ही बघतो.

कागदपत्रांचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं, बँकेची सवय. आधारवर नाव एक, रेशन कार्डवर दुसरं, केस पेपरवर तिसरंच, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, आणि तेवढ्यावरून अर्ज अडकतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, मग मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट, इतर ट्रस्ट, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. मी फॉर्म भरते, झेरॉक्सचे सेट लावते, कुठला कागद कुठे दिला ते एका वहीत लिहून पेशंटच्या नातेवाइकाकडेच देते. आणि रेल्वेची सवलत! कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला मूळ भाडं पूर्ण माफ असतं आणि बरोबरच्या एका माणसाला 75 टक्के सूट, पण त्यासाठी ठराविक फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो, आणि कितीतरी लोक दोन-दोन वर्षं पूर्ण पैसे भरून किंवा जनरलच्या गर्दीत उभे राहून येत असतात कारण कुणी सांगितलेलंच नसतं. किमो झालेला माणूस, रक्तातल्या पेशी खाली आलेल्या म्हणजे जंतुसंसर्ग पटकन होणारा, आणि त्या गर्दीत. हे एक वाक्य जरी तुम्ही तुमच्या गावच्या कॅन्सर पेशंटच्या घरी जाऊन सांगितलंत ना, तरी तुम्ही व्हॉलंटिअरच.

प्लेटलेटचं वेगळं सांगायला हवं कारण तिथे पैसे उपयोगाचे नसतात, माणूसच लागतो. ब्लड कॅन्सरच्या मुलांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, किमोने एकदम खाली येतात आणि पिशवी लगेच लागते. मुंबईत जन्म गेलेल्या माणसाला दहा फोन करून डोनर मिळतो, पण बुलढाण्याहून किंवा बिहारहून आलेल्या बापाने कुणाला फोन करायचा? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉलेजची मुलं आहेत, दोन रिक्षावाले आहेत, एक पोलीस हवालदार आहेत, मेसेज पडला की कोण मोकळं आहे ते कळवतात. मशीनवर दीड-दोन तास बसावं लागतं, मशीन रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून बाकीचं रक्त परत देतं, आणि या प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात म्हणून साठा करून ठेवता येत नाही, सतत नवीन डोनर लागतात. लोकांना वाटतं एकदा दिलं की तीन महिने सुट्टी, तसं नाही, नियमाप्रमाणे 48 तासांनंतर परत देता येतात, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात 24 वेळा. मे महिन्यात आणि दिवाळीत सगळे गावाला जातात आणि तेव्हा ग्रुपवर शुकशुकाट असतो, मुलांच्या प्लेटलेट मात्र सणवार बघून खाली येत नाहीत.

संस्थांचं काम म्हणजे नुसतं वाटप असं ज्यांना वाटतं त्यांना मी ग्लिवेकची गोष्ट सांगते. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरची ही गोळी, रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. कंपनीची गोळी महिन्याला साधारण 1 लाख 20 हजारांना होती आणि आपल्याकडे बनलेली तीच जेनेरिक 8 ते 10 हजारांत. कंपनीने पेटंट मागितलं होतं, म्हणजे ती गोळी बनवायचा हक्क फक्त तिलाच, आणि ते मिळालं असतं तर स्वस्त गोळी बाजारातून गेली असती. या पेटंटला विरोध करणाऱ्यांमध्ये मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, 1969 पासून काम करणारी संस्था, आणि त्यांनी वर्षानुवर्षं ती लढाई लावून धरली, 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं. किती जणांची गोळी त्यामुळे मध्येच बंद पडली नाही विचार करा. आणि टाटा हॉस्पिटल तरी काय, दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरने गेल्या, त्यानंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून 1941 मध्ये हे उभं राहिलं. दानातूनच.

आता जरा कडू बोलते. वाढदिवसाला येऊन केळी वाटून पेशंटबरोबर फोटो काढणारे लोक, कृपा करून फोटो नको. टक्कल पडलेल्या पोरीला विचारलंत का तिला फेसबुकवर यायचंय का? तिच्या गावात अजून कुणाला सांगितलेलं नसतं, लग्न जमायचं असतं. आणि फळंसुद्धा विचारून द्या, पेशी कमी असताना बऱ्याच पेशंटना कच्चं किंवा कापलेलं खायला बंदी असते. "काही होत नाही, सगळं बरं होईल" हेही आम्ही नवीन व्हॉलंटिअरना बोलू देत नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं आणि समोरच्यालाही कळतं की आपल्याला माहीत नाही. गावठी औषध, गोमूत्र, कुठल्याशा बाबाची पुडी सुचवणाऱ्याला तर आम्ही त्याच दिवशी थांबवतो.

आणि काही जणांची पुढची तारीख नसतेच. डॉक्टर सांगतात आता उपचार थांबवू, त्रास कमी करू. इथे बहुतेकांना वाटतं संपलं, आता काय मदत करणार, पण खरी गरज तेव्हा सुरू होते. वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, 1986 मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्याचं केंद्र आहे 1997 पासून, दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. दुखणं ताब्यात आलं की माणूस शेवटच्या दिवसांतही घरच्यांशी बोलतो, हिशेब सांगतो, नातवाला जवळ घेतो. घरी नेलेल्या पेशंटच्या बायकोला तासभर बाहेर जाऊन यायला मिळावं म्हणून नुसतं तिथे जाऊन बसणं, हे काम करणारे लोक फार थोडे आहेत आणि हवे आहेत.

मैत्रिणीने शेवटी काय केलं तर फळांचे पैसे एका मुक्कामाच्या जागी गॅस सिलिंडरसाठी दिले आणि तिचा मुलगा प्लेटलेटच्या ग्रुपवर आला. तुम्हालाही काही करायचं असेल तर तुमच्या जवळच्या कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि आत्ता काय कमी पडतंय एवढंच विचारा, दर महिन्याला उत्तर वेगळं असतं. मुंबईतच असावं लागतं असंही नाही, तालुक्याच्या गावी राहून आपल्या भागातल्या चार पेशंटना तारखेच्या आठवडाभर आधी फोन करणारा, तिकीट काढलं का, फाईल घेतली का, पैशाचं काय विचारणारा एक माणूस असेल तर आमचं अर्धं काम तिथेच होतं. आणि प्लेटलेट द्यायला जाणार असाल तर आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेऊ नका, व्यवस्थित जेवून जा, आणि मोबाईल चार्ज करून न्या, दोन तास एकाच जागी बसायचंय.