राग येतो का? येतो. आणि अभिमानही वाटतो

माझं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे आणि माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात झाली, हे एकदा कळलं की समोरचा माणूस थांबतो आणि हमखास विचारतो, ‘मग तुम्हाला धरणाचा राग नाही येत?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, मध्यंतरी एका कॉलेजच्या मुलांनीही विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

राग येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं. पण त्याच दमात ‘कोयनेचा अभिमानही वाटतो’ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. विजेच्या खात्यातल्या मंडळींचं नेमकं उलटं. त्यांना अभिमान चालतो, रागाचं नाव काढलं की विषय बदलतात. निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्यानं माझ्या आजोबांच्या त्यागाचं फार कौतुक केलं. आजोबांना कुणी काही विचारलंच नव्हतं. नोटीस आली, मग पाणी आलं. मी हार घातलेला बसलो होतो, काय बोलणार! जेवण मात्र उत्तम होतं.

आमचं गाव जावळीच्या बाजूला, नदीकाठी. 1956 साली धरणाचं काम सुरू झालं, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात पाणी चढायला लागलं आणि काठची गावं उठली. साताऱ्यात, सांगलीत, सोलापुरात, पार रायगड-ठाण्यापर्यंत माणसं पांगली. आम्हाला सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा माळ मिळाला. मी जन्मलो तो या माळावर, म्हणजे मूळ गाव मी नांदतं कधी पाहिलंच नाही. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं, घरावरून पाऊस वाहून जायचा अशा मुलखातली. त्यांना जिथं कुसळं उगवतात तिथं आणून सोडलं. सातबाऱ्यावर नाव लागायला आबांची, म्हणजे आजोबांची, चप्पल झिजली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात 1976 साली झाला, तोवर आमचे लोक कधीच विखुरले होते. काही भाऊबंद खाली आलेच नाहीत, पाण्याच्या वर डोंगरात सरकले. तिथं 1985 मध्ये अभयारण्य आलं, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्यांची कहाणी वेगळीच आहे, ती त्यांनीच सांगावी.

या सगळ्याचा राग आहे. तो वयानं कमी झाला नाही, उलट कागद वाचता यायला लागल्यावर वाढला.

आता नोकरीचं. धरणग्रस्तांसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखीव असतात. माझ्याकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता, त्यावर मी वीज मंडळात लागलो. घर बुडाल्याचा कागद जोडला आणि पगार सुरू झाला. आईला पहिला पगार दिला तेव्हा तिनं तो देवापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘घेतलं त्यातलं थोडं दिलं म्हणायचं.’ थोडं. हा शब्द तिनं कधी सोडला नाही.

उपकेंद्रात पाळीला असताना कोयना काय चीज आहे ते मला समजलं. बाहेरच्यांना वाटतं वीज म्हणजे एकदा चालू केली की चालली. तसं नसतं. संध्याकाळी साडेसहा-सातला घरोघरी दिवे लागतात, मागणी एकदम चढते आणि यंत्रणेला धाप लागते. पॅनलवर फ्रिक्वेन्सीचं मीटर असतं, काटा 50 वर हवा; मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की तो घसरतो. त्या काळात तो 49 च्या खाली घसरायचा आणि आमच्या पोटात गोळा यायचा, कारण आणखी घसरला तर फीडर (गावांना वीज नेणाऱ्या लाइनी) पाडावे लागणार, म्हणजे कुठल्यातरी गावांना अंधारात घालावं लागणार. कोळशाचं संयंत्र थंड असेल तर ते उभं राहायला कित्येक तास जातात. पाण्याचं मशीन मिनिटांत येतं. फोनवर कुणीतरी म्हणायचं, ‘पोफळीचं मशीन घेतलंय,’ आणि आम्ही सगळे काट्याकडे बघत बसायचो. काटा हळूहळू वर सरकायचा. पोफळी म्हणजे सह्याद्रीच्या पोटात बसवलेलं कोयनेचं वीजघर आणि त्यावर पडणारं पाणी आमच्या बुडालेल्या शिवारावरून आलेलं. सगळे टप्पे धरले तर कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट आहे. तो काटा वर चढताना छाती फुगायची, यात खोटं काहीच नाही. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याची फुगायची त्यापेक्षा माझी जरा जास्तच.

सुरुवातीला मी या दोन्हींची वजाबाकी करायचो. इतक्या घरांत उजेड, त्यातून आमची घरं वजा, उरलं काय? मग वाटायचं, राग धरणं कोतेपणाचं आहे. दुसऱ्या दिवशी वाटायचं, अभिमान बाळगणं म्हणजे आजोबांशी गद्दारी. हा हिशेब कधीच जुळला नाही. उजेड पडला तो पुण्या-मुंबईच्या घरांत, आणि पुढे आमच्याही वसाहतीत. बुडालं ते आमचं. लाभ एका खात्यात आणि तोटा दुसऱ्याच्या खात्यात असेल तर वजाबाकी करणार कशातून कशाची? आकडा कितीही मोठा असला तरी त्यानं आबांचे हेलपाटे मिटत नाहीत. आणि ते हेलपाटे खरे म्हणून वीज खोटी ठरत नाही.

पण हे सगळं शहाणपण पावसाळ्यात टिकत नाही. ऑगस्टमध्ये बातम्यांत सांगतात, कोयना भरत आली, इतके टीएमसी झाले. धरण 105 टीएमसीचं, एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी. राज्याला हायसं वाटतं, मलाही वाटायचं, कारण येणाऱ्या उन्हाळ्यात आमच्यावर ताण कमी. आई मात्र बातम्या संपेपर्यंत गप्प. तिला घर आणखी खोल गेलेलं दिसायचं. आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की आमच्या गावची जमीन उघडी पडते. मग गावोगावचे लोक बघायला येतात.

एका दुष्काळी साली आईला घेऊन गेलो. सगळीकडे भेगाळलेला गाळ, काठाकाठानं कुणी गाळपेर केलेली. देवळाचं जोतं ओळखू आलं, पण घर काही सापडेना. भिंती मातीच्या, त्या कधीच विरघळलेल्या. आई पदर खोचून पुढे, मी मागे. ती देवळापासून अंदाज घेत चालली, इकडे पाटलांचं, इकडे सुताराचं, असं तोंडानं म्हणत. मग एका जागी थांबली आणि पायानं गाळ बाजूला करायला लागली. खाली उखळ होतं, दगडात कोरलेलं, नाचणी-वरी कांडायचं. तिनं हात घालून आतला चिखल काढला, कडेवरून बोट फिरवलं आणि एका बाजूची खपली मला दाखवली. ‘ही तुझ्या आजीच्या मुसळानं उडालेली. माझ्यावर घातली होती तिनं.’ सासूचा तो आळ एवढी वर्षं पाण्याखाली राहूनही ताजा होता! हसली खूप. मग रडली. परत निघताना वर बघून म्हणाली, ‘आता भर की रे.’

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भारनियमन चालू होतं. मीच फीडर बंद करत होतो, लोक उपकेंद्राच्या फाटकावर येऊन शिव्या घालत होते. ज्या पाणीटंचाईनं ते चिडले होते तिच्यामुळेच माझ्या आईला तिचं उखळ भेटलं होतं. गाव दिसावं असं वाटणं म्हणजे राज्यावर दुष्काळ यावा असं वाटणं. आणि वाटतं, काय करणार.

भूकंपाचं तर त्याहून अवघड. आईचं सासर धरणाच्या वर, माहेर खाली हेळवाकच्या बाजूला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे 180 माणसं गेली. माहेरचं घर पडलं. आई तेव्हापासून म्हणायची, धरणानंच केलं. आमचे साहेब लोक मला वर्षानुवर्षं समजावत, पाण्याच्या भारानं कुठं जमीन हलते का! आज जगभरचे शास्त्रज्ञ जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात, त्याच्या अभ्यासासाठी कराडला केंद्राची प्रयोगशाळाही आहे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मला काय नवीन सांगतोस.’ आणि त्याच धरणातून आलेल्या विजेवर तिचा टीव्ही चालू होता, मालिका बघत होती, मध्ये बोलू नको म्हणाली.

आणखी एक. धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला जातं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि समुद्रात. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. उरलेलं पूर्वेला नदीत सोडतात. ते कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे टेंभूला पंपांनी उचलून आमच्यासारख्या माळांवर आणतात. म्हणजे ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं, तेच पुष्कळ उशिरा, वीज खर्चून, आमच्या मागे माळावर आलं. वसाहतीत पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी नारळ फोडला. एकानं ओंजळीत पाणी घेऊन दोन अस्सल शिव्या हासडल्या आणि तेच पाणी डोळ्यांना लावलं. तो माणूस मला वक्त्यांपेक्षा शहाणा वाटला.

कुणी मला विचारतं, मग धरण व्हायला हवं होतं की नको? हवं होतं. आणि आमच्या लोकांना वागवलं तसं वागवायला नको होतं. यावर ‘पण शेवटी तुम्ही कुठल्या बाजूचे?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी हल्ली चहा पाजतो आणि घरच्यांची चौकशी करतो.

सध्या चुलत भावाच्या पर्यायी जमिनीचं प्रकरण माझ्याकडे आहे. अर्ज मीच लिहितो, सरकारी भाषा नोकरीत हाताला बसली आहे ना. आता कचेरीनं बुडालेल्या घराचा जुना उतारा मागितला आहे, तोही ‘सद्यःस्थिती’ नमूद करून. सोमवारी जायचं आहे. सद्यःस्थितीत काय लिहायचं ते भाऊ विचारत होता. मी म्हटलं, किती टीएमसी आहे ते बघून सांगतो.