पात्यावर नाव नसलेला चाकू

ऑगस्टात दादाने तासगावजवळच्या आमच्या रानात डॉगरीजच्या, म्हणजे रानटी द्राक्षाच्या, खुंटांवर द्राक्षाची कलमं भरायला घेतली. त्यासाठी बाजारातून डझनभर घडीचे चाकू आणले होते. चकचकीत, स्वस्त, पण पात्यावर ना कंपनीचं नाव, ना ग्रेड. शंभरेक कलमं झाली की धार बसायची. मग काडीची पाचर एका झटक्यात निघत नाही, साल चिंबते आणि चिंबलेला जोड धरत नाही. उलट मामांचा जुना, काळवंडलेला चाकू दिवसभर चालायचा. त्याच्यावरही काही लिहिलेलं नाही.

"तू क्वालिटीत हायस न्हवं? मग बघ की, ह्यो कसला माल हाय. तसलंच पातं करून घिऊ," दादा म्हणाला.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझी नोकरी सर्टिफिकेट बघून माल आत घ्यायची. कागदच नसलेलं पोलाद ओळखायची वेळ कधी आली नव्हती.

सुरुवात लोहचुंबकाने केली, आणि ती वाया गेली. 'चुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर स्टेनलेस' हे आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात ऐकलेलं ज्ञान. डब्याच्या स्टीलमध्ये निकेल असतं म्हणून त्याला चुंबक धरत नाही. चाकूचं पातं पाणी देऊन कडक करावं लागतं, आणि तसं कडक होणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. दोन्ही चाकू चिकटले.

खरी पहिली परीक्षा आईच्या विळीने सुचवली. कैरी चिरली की लोखंडी विळी काळी पडते, तेच तत्त्व. दोन्ही पाती साबणाने धुऊन, तेलाचा अंश काढून, लिंबात भिजवलेला कागद गुंडाळून ठेवला. वीस मिनिटांत मामांच्या पात्यावर राखाडी-काळा पट्टा उमटला. नव्यावर काहीच नाही. म्हणजे एक साधं कार्बनचं पोलाद, दुसरं स्टेनलेस. स्टेनलेस म्हणायला निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. घरच्या घरी एवढंच कळतं, आणि खरं सांगायचं तर धार कशी लावायची, तेल लावायचं की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं.

पण दादाला 'तसलंच' हवं होतं.

मग ठिणगी. संध्याकाळी कारखान्याच्या वर्कशॉपमधले दिवे मालवून बेंच ग्राइंडर चालू केला. नुसती ठिणगी बघून काही कळत नाही, शेजारी माहितीतला तुकडा धरावा लागतो. भंगाराच्या पेटीतून ईएन ८ आणि ईएन ३१ या माहितीतल्या ग्रेडच्या पोलादाचे तुकडे आणि ट्रकच्या कमान पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) एक तुकडा काढला. ईएन ३१ मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे चाकालगतच फुलबाजी पेटल्यासारखी दाट फुलं. ईएन ८ ची रेघ लांब, फुलं विरळ. नव्या चाकूची ठिणगी आखूड, तांबूस, फुलं जवळजवळ नाहीतच. इथे मी माती खाल्ली. पातं टोकाकडून, धारेच्या बाजूने चाकाला लावलं. दोन सेकंदांत टोकाला आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढला. निळा म्हणजे साध्या पोलादात जवळपास ३०० अंश, स्टेनलेसमध्ये त्याहूनही जास्त, म्हणजे तिथलं पाणी उतरलं, कडकपणा गेला. चाकू स्वस्तातला होता म्हणून निभावलं. मामांचं पातं मग पाठीकडून, मुठीजवळ, केसाएवढंच टेकवलं. त्याची ठिणगी पाट्याच्या तुकड्यासारखी वाटली. वाटली, एवढंच.

कडकपणा मोजताना आणखी एक धडा. रॉकवेल सी स्केलला हिऱ्याचा शंकू १५० किलो भाराने रुततो; आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक. पातं धारेकडे निमुळतं, ते ऐरणीवर डुगडुगलं आणि नव्या चाकूचा आकडा आला ३१! रिव्हेट काढून, मुठीत लपणारा सपाट भाग ठेवला तेव्हा ४८. मामांचा, मुळाजवळच्या सपाट जागी, ५७.

एका भंगार व्यापाऱ्याकडे धातूतले घटक दाखवणारी एक्स-रेची गन आहे. तिने नव्या चाकूत १३ टक्के क्रोमियम दाखवलं आणि पडद्यावर ठसक्यात '४२०' असं स्टेनलेसच्या ग्रेडचं नाव छापलं. त्यावर विसंबू नका. त्या गनला कार्बन दिसतच नाही, तो फार हलका. दाढीच्या ब्लेडचं पोलादही १३ टक्के क्रोमियमचंच, पण त्यात कार्बन ०.७ टक्क्याच्या आसपास. गनला दोघे सख्खे भाऊ वाटणार.

कार्बन हवा तर स्पेक्ट्रो, म्हणजे धातूवर ठिणगी पाडून तिच्या उजेडावरून घटक मोजणारं यंत्र. फाउंड्रीतल्या मित्राच्या लॅबमध्ये गेलो. तुकड्याने यंत्राचं भोक पूर्ण झाकावं लागतं, नाहीतर आरगॉन गळतो. मामांचं पातं मुळाशी जेमतेम बसत होतं. "डाग पडणार, चालेल?" मित्राने विचारलं. दादाला फोन लावला. "पडू दे डाग. मामा काय बघायला येतोय आता," तो म्हणाला, आणि जरा वेळ काहीच बोलला नाही.

आकडे आले: कार्बन ०.५६, सिलिकॉन १.७८, मँगनीज ०.८४, क्रोमियम नावापुरतं. कमान पाट्याचं पोलाद. ईएन ४५ म्हणा, ५५ एसआय ७ म्हणा, आकडे दोन्हीत बसतात. ते ट्रकचं होतं की जीपचं, हे यंत्र सांगत नाही. नव्या चाकूत कार्बन ०.३. एवढ्यावर दिवसभर टिकणारी धार मागणं म्हणजे अतीच.

पाट्याचा तुकडा घेऊन विट्याच्या वाटेवरच्या एका लोहारकाकांकडे गेलो. पहिलं पातं त्यांनी सवयीने पाण्यात बुडवलं. चर्र झालं आणि मधोमध केसासारखी चीर गेली. दुसरं जुन्या इंजिन ऑइलमध्ये. ते घरी आणून आईच्या ओव्हनमध्ये २३० अंशाला तासभर, दोनदा ठेवलं. "नानकटाईचा वास जाऊन ग्यारेजचा आला की रं," आई म्हणाली. कडकपणा ५६.

शेवटच्या दोन ओळींची कलमं दादाने त्याच पात्याने भरली, दुपारपर्यंत एकदाही निसण्यावर न लावता. रात्री ओला चाकू तसाच पिशवीत टाकला आणि सकाळी पातं तांबडं. मला फोन करून शिव्या दिल्या. आता शेडच्या खिडकीत खोबरेलाची बाटली असते. ते डझनभर चकचकीत चाकू बेदाण्याच्या बॉक्सची सुतळी कापायला ठेवलेत, निळ्या टोकाचाही त्यातच आहे.