'हॅपी'वर हात वर

स्मरणिका समितीनं 'शाळेनं मला काय दिलं' असा विषय सुचवला होता. दोन दिवस कागद कोराच राहिला. डोळ्यांसमोर येत होती ती फक्त संगीताच्या खोलीत कपाटावर ठेवलेली गिटार, आणि तिच्यावर मी शिकलेलं पहिलं गाणं. ते होतं 'हॅपी बर्थडे'. हसा खुशाल. मला तेव्हा रडू आलं होतं.

सातवीत होते. सरांकडे गेले ती चांगलं भारदस्त गाणं ठरवून. त्यात एफची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची एक जुळणी, होती. एफ म्हणजे तर्जनी पहिल्या फ्रेटवर, गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी बाकीचं सांभाळायचं. "दाबून दाखव," सर म्हणाले. सहापैकी दोन तारा वाजल्या, बाकीच्या नुसत्या खुटखुटल्या. सरांनी गिटार काढून घेतली नाही, की काही बोललेही नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "या आठवड्यात वर्गात वाढदिवस कुणाचा आहे गं?"

या गाण्याला तीनच कॉर्ड पुरतात: जी, डी आणि सी. सरांनी त्यातही एक युक्ती काढून दिली. अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवायची आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलवायची नाही. जी वाजवताना ती तिथंच, डी वाजवतानाही तिथंच. सीमध्ये खरं तर ती तिथं नको. तिच्यामुळे डीचा एक जादा स्वर मिसळतो. पण तो कानाला गोडच लागतो, आणि शिकणाऱ्याला अंधारात भिंतीला हात लागावा तसा आधार मिळतो. आठवडाभर मी घरी तेवढंच केलं. बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठत. अनामिकेचा वळ सगळ्यांत खोल.

कॉर्ड जमल्या. वर्गापुढे उभी राहिले आणि पहिल्याच ओळीत आपटले.

चूक हातांची नव्हतीच. मी 'हॅ' म्हणताच तारांवर जोरात हात मारला. गाणं तीन मात्रांचं आहे आणि 'हॅपी' ही दोन अक्षरं मिळून तिसरी मात्रा. पहिली मात्रा येते 'बर्थ'वर. मी एक मात्रा आधीच निघाले होते. वर्ग आपल्या चालीनं गात राहिला, मी माझ्या. त्यांचं गाणं संपून टाळ्याही झाल्या तेव्हा मी शेवटच्या जीवर पोचत होते. जिचा वाढदिवस होता ती मैत्रीण माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून आठवते.

सर मूळचे पेटी-तबल्याचे. त्यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितलं, "सम 'बर्थ'वर आहे. 'हॅपी' ही नुसती उचल. 'हॅपी'वर हात वर, 'बर्थ'वर खाली." मग मला गिटारशिवाय उभं केलं आणि हवेत हात हलवायला लावला. वर, खाली, वर, खाली. एवढ्यानं जमलं. आजही गिटार शिकणारं कुणी भेटलं आणि हेच गाणं वाजवायला लागलं, की माझं लक्ष डाव्या हाताकडे जात नाही. उजवा हात 'हॅ'ला कुठं आहे ते मी बघते.

दुसरी अडचण तिसऱ्या ओळीत. तिथं नाव येतं, आणि नावाला चालीत जागा आहे जेमतेम दोन सुरांची. दोन अक्षरी नाव अलगद बसतं. पाच अक्षरी असलं की वर्ग ते कोंबायचा, कुणी पूर्ण नाव घ्यायचं, कुणी टोपणनाव, आणि सगळे त्या सुरावर हवे तेवढे रेंगाळायचे. अशा वेळी ताल मोजत बसलात तर फसलात. मी सी छेडून तार गुंजत ठेवायची आणि तोंडांकडे बघत राहायची. दहावीपर्यंत वर्गातलं कुठलं नाव किती लांबतं ते मला पाठ झालं होतं.

पुढे वाचनात आलं की ही चाल वाढदिवसाची नव्हतीच. अमेरिकेत पॅटी हिल आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी बालवाडीतल्या मुलांसाठी 'गुड मॉर्निंग टू ऑल' हे गाणं केलं, ते १८९३मध्ये छापलं गेलं. बाईंनी सकाळी मुलांना म्हणायचं गाणं. वाढदिवसाचे शब्द त्यावर नंतर चढले, आणि त्यांच्या हक्कावरचा वाद तिथल्या न्यायालयात २०१६पर्यंत चालला. म्हणजे मला कमी प्रतीचं वाटलेलं ते गाणं मूळचं शाळेचंच निघालं. सरांना हे ठाऊक असावं असं मला वाटत नाही. ठाऊक असतं तर त्यांनी तेव्हाच ऐकवलं असतं.

समारंभात मी काहीतरी वाजवावं असा समितीचा निरोप आहे. शाळेचा पन्नासावा वाढदिवस म्हटल्यावर गाणं ठरलेलंच आहे. फक्त तिसऱ्या ओळीत शाळेचं नाव, तेही 'माध्यमिक विद्यालय'सकट, दोन सुरांत कसं बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी सी लावून थांबते.